पाऊस नाही, तरी पावसाळी चेंबरमध्ये पाणी कुठून आलं?

पत्र आलंय बावधनहून. थोडं कापून देतोय.

«आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून ओढा आहे, पुढे तो रामनदीला मिळतो. गेल्या वर्षी पहिला जोराचा पाऊस झाला त्या संध्याकाळी ओढ्यावर गुडघाभर फेस आला आणि दुसऱ्या दिवशी काठाला बोटाएवढे मासे मरून पडले होते. मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पंचवीस जणांनी रडकी तोंडं टाकली, चेअरमन म्हणाले, “हे महापालिकेचं काम आहे,” आणि पुन्हा गुड मॉर्निंग सुरू झालं. मी निवृत्त शिक्षिका आहे. वेळ आहे, भांडायची तयारीही आहे, पण कशासाठी भांडायचं तेच कळत नाही. आमच्या ८४ फ्लॅटच्या सोसायटीने असं काय केलं तर त्या ओढ्याला फरक पडेल? शिवाय काही जण म्हणतात, ओढ्यात गप्पी मासे सोडा, पाणी स्वच्छ होतं. सोडू का?»

नमस्कार बाई,

(शिक्षिकेला ताई म्हणायला माझी जीभ वळत नाही, सांभाळून घ्या.)

तुमचे चेअरमन निम्मे बरोबर आहेत. ओढ्यातला गाळ काढणं, रस्त्यावरच्या पावसाळी गटारांची सफाई, ही महापालिकेचीच कामं. पण तुमच्या गेटच्या आत जे पाइप आहेत ते तुमचे आहेत, आणि ओढ्यावर आलेला फेस महापालिकेने तयार केलेला नाही. असा फेस बहुधा साबणाचा असतो. साबण घरातून येतो.

आधी एक साधी गोष्ट. तुमच्या इमारतीतून पाणी बाहेर जायचे दोन स्वतंत्र रस्ते आहेत. एक मैलापाण्याचा: संडास, मोरी, सिंक. ती लाइन मैलाशुद्धीकरण केंद्राकडे जाते, निदान जावी असा नियम आहे. दुसरा पावसाचा: गच्चीवरचे पाइप, पार्किंगमधल्या लांबट जाळ्या, गेटजवळचा उतार. ही लाइन थेट ओढ्यात जाते. मध्ये ना टाकी, ना गाळणी, ना माणूस. बहुतेकांना वाटतं की जाळीतून खाली गेलं ते “गटारात” गेलं, म्हणजे कुठेतरी साफ होऊन पुढे जाणार. तसं होत नाही. तुमच्या पार्किंगमधली जाळी म्हणजे ओढ्याचाच काठ समजा, फक्त शंभर-दोनशे फूट अलीकडे सरकलेला.

आणि ओढा तरी कुठे थांबतो? बावधनहून पाषाण तलाव, तिथून बाणेरच्या पुढे मुळा, मग संगमावर मुठा, पुढे भीमा, उजनी. उजनीचं पाणी सोलापूर पितं. त्याखाली हीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. माउलींची पालखी पुण्याहून दिवेघाटाने जाते आणि आपलं पाणी उजनीवरून, पण दोघंही पोचतात एकाच ठिकाणी. हे मी तुम्हाला भावनिक करायला सांगत नाही. सर्वसाधारण सभेत एखादे आजोबा “आपला एवढासा नाला” असं म्हणतील, तेव्हा उपयोगी पडेल म्हणून सांगतोय.

आता कशासाठी भांडायचं ते.

मे महिना संपायच्या आत एक काम करा. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, कोरडं ऊन पडलेलं असताना, तुमच्या सोसायटीचं पावसाळी चेंबर प्लंबरकडून उघडून बघा. पाऊस नाही, म्हणजे आत पाणी वाहायला नको. वाहत असेल तर ते कुणाचं तरी आहे. एखाद वेळी वरच्या टाकीचं ओव्हरफ्लो असतं, एसीचं ठिबकतं, काही ठिकाणी जमिनीतला झराही असतो. पण कोमट असेल, पांढुरकं असेल आणि वास येत असेल तर समजून जा.

मी आमच्या सोसायटीचा सहा वर्षं सेक्रेटरी होतो. आमच्याकडे मे महिन्यात चेंबर उघडलं तर आत अंगठ्याएवढी धार, निळसर, आणि चक्क लॅव्हेंडरचा वास. पाण्याची पातळी अधूनमधून एकदम वाढायची आणि मिनिटभरात ओसरायची. आमचा प्लंबर खाली उकिडवा बसला होता. वर बघून म्हणाला, “साहेब, वॉशिंग मशीन हाय.” मग जिलबीत घालतात तो खायचा पिवळा रंग चमचाभर बादलीत कालवला आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्याच ड्राय बाल्कनीच्या (स्वयंपाकघराला लागून, धुणंभांडी करायची) नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीत, ओतला. मिनिटभरही झालं नसेल, खालून हाक आली, “आली जिलबी!” बिल्डरच्या नकाशात ड्राय बाल्कनीचा पाइप मैलापाण्याच्या चेंबरला जोडलेला होता. प्रत्यक्षात साइटवर कुणीतरी जवळचं चेंबर बघून जोडून टाकला होता. अकरा वर्षं आमच्या अठ्ठावीस घरांचा साबण ओढ्यात जात होता, आणि त्यातली सहा वर्षं मी नोटीस बोर्डावर “नदी वाचवा”चं पत्रक लावत होतो.

ही चूक पुण्यात फार ठिकाणी सापडते. ड्राय बाल्कनी ही मुळात बाल्कनी, म्हणून तिच्यातला पाइप पावसाचा समजला जातो. मग तिथे मशीन येतं, भांडी घासायचं सिंक येतं, आणि पाइप मात्र तोच राहतो. तुमचा गुडघाभर फेस इथूनच आला असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, वरच्या अंगालाही सोसायट्या आहेत. पण शोधायला सुरुवात आपल्या घरातून करावी, म्हणजे पुढच्याला विचारताना आवाज चढा ठेवता येतो.

८४ घरांत बादल्या ओतत फिरायची गरज नाही. एकाखाली एक असलेल्या ड्राय बाल्कन्यांचा उभा पाइप एकच असतो. अशा प्रत्येक उभ्या लाइनीला एका घरातून एकदा रंग ओतला की कळतं. चूक सापडली तर दुरुस्ती बहुधा तळाशी, जमिनीलगत असते: पाइपचं तोंड पावसाळी चेंबरमधून काढून मैलापाण्याच्या चेंबरला गली ट्रॅप (वास वर येऊ न देणारा, पाणी साठून राहणारा वाकडा सांधा) घालून जोडायचं. आमच्याकडे काम दोन दिवसांचं निघालं. कमिटीत वाद तीन महिने चालला, तो वेगळा.

उलटी चूकही बघा. गच्चीचं पाणी मैलापाण्याच्या लाइनीत सोडलेलं असतं. मग जोराचा पाऊस आला की ती लाइन तुंबते, चेंबरचं झाकण उचललं जातं, आणि मैलापाणी रस्त्यावरून वाहत शेवटी पावसाळी जाळीतच उतरतं. ओढ्याच्या दृष्टीने परिणाम तोच, वास जास्त.

तुमच्या सोसायटीत स्वतःचं एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचं छोटं केंद्र, असेल तर एक नाजूक प्रश्न विचारावा लागेल: ते चालतं का? ऑपरेटरला विचारू नका, तो “हो” म्हणणार. विजेचं बिल मागा. ब्लोअर (मैलापाण्यात हवा सोडणारं यंत्र) आणि पंप रोज चालत असतील तर ते बिलात दिसतं. महिन्याचं बिल पार्किंगच्या दिव्यांएवढंच येत असेल तर पाणी कुठे जातं हे शोधायला रंगाची पुडी पुन्हा काढा. या प्रश्नावर सभेत शांतता पसरते. पसरू द्या.

आता मेलेल्या माशांबद्दल, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी ते तुमच्या मनात आहेत हे पत्रावरून कळतं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पुण्याच्या रस्त्यांवर, गच्च्यांवर, पार्किंगमध्ये जे साठतं (गाड्यांचं गळलेलं ऑइल, टायरची भुकटी, बांधकामाची धूळ, कबुतरांची विष्ठा, कुजलेला पाला) ते सगळं पहिल्या जोरदार पावसात एका तासात ओढ्यात उतरतं. शिवाय ओढ्याच्या तळाशी बसलेला काळा गाळ ढवळून वर येतो. ही घाण कुजवायला जंतू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. मे महिन्यात ओढ्यात पाणीच थोडं, त्यात प्राणवायू आधीच कमी. मासे विष पिऊन मरतात असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा ते गुदमरून मरतात. दुसरा, तिसरा पाऊस तेवढा घातक नसतो. म्हणून तुमच्या सगळ्या मेहनतीला खरी मुदत एकच: पहिला जोराचा पाऊस. आणि पाषाण तलावावर जी जलपर्णी पसरते तिचं खाद्यही हेच, मैल्यातलं आणि खतांतलं नत्र-स्फुरद.

त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात पार्किंग झाडून घ्या. धुऊन नव्हे, झाडून. हा फरक हाउसकीपिंगच्या लोकांना कुणी सांगतच नाही. पाइप लावून फरशी चकाचक केली की कमिटी खूश, पण ती सगळी माती-ऑइल जाळीत. खराट्याने झाडून, सुपलीत भरून कचऱ्यात. गाडीखाली ऑइलचा डाग असेल तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून रात्रभर ठेवायची आणि सकाळी तीही झाडून घ्यायची. जाळीखालच्या खड्ड्यातला गाळ काढायचा आणि त्याच दिवशी उचलायचा. आपल्याकडे गाळ काढून चेंबरच्या कडेलाच “वाळायला” ठेवायची फार जुनी परंपरा आहे. पहिल्या पावसात तो आपल्या मूळ घरी परत जातो.

तुंबलेल्या ओढ्याचं दुसरं तोंड पुण्याने पाहिलेलं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी भागात घरांत शिरला. शहर-जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं गेली. त्या रात्रीची कारणं अनेक आहेत, अतिक्रमणं आहेत, अरुंद केलेलं पात्र आहे, एका प्लास्टिक पिशवीवर ते ढकलता येणार नाही. पण ओढ्यात टाकलेला राडारोडा पाण्याची वाट अडवतो, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

राडारोड्यावरून आठवलं. ८४ फ्लॅट म्हणजे वर्षभर कुठे ना कुठे रिनोव्हेशन चालू असणारच. एकदा संध्याकाळी साडेपाचला खाली जाऊन उभ्या राहा. रंगारी काम संपवून उतरतो. हातात पाच लिटरचा डबा, त्यात ब्रश आणि रोलर. गेटजवळच्या नळाखाली डबा धरतो, रोलर भिंतीवर दोनदा आपटतो, पिळतो. पाणी आधी दुधासारखं, मग फिकं. धार पेव्हर ब्लॉकच्या फटीतून वळणं घेत जाळीपर्यंत जाते. पुट्टी कालवलेली घमेली तिथेच धुतली जातात, टाइल कापल्यावरचा राखाडी रेंदाही तिथेच. सिमेंटचं पाणी अंगाला लागलं तर कातडी भाजते इतकं ते अल्कधर्मी असतं, माशांच्या कल्ल्यांना काय होत असेल विचार करा. आणि तो रेंदा पाइपमध्ये घट्ट बसला की जूनमध्ये तुमचंच पार्किंग तुंबतं.

यात रंगाऱ्याचा दोष शून्य. त्याला धुवायची जागा कुणी दाखवलीच नाही. रिनोव्हेशनची परवानगी देताना जो फॉर्म भरून घेता त्यात एक ओळ घाला: ब्रश, घमेली, फरशी कापल्याचं पाणी, सगळं त्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये, आणि तेही आधी बादलीत तासभर निवळू देऊन, वरचं पाणी मोरीत, तळाचा गाळ राडारोड्याच्या गोणीत. ऑइल पेंट असेल तर टर्पेंटाइन किंवा थिनर कुठल्याच मोरीत नाही. झाकणाच्या बाटलीत ठेवलं की रंग खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं, हे चांगल्या रंगाऱ्याला माहीत असतं. डिपॉझिट घेता ना? मग परत देताना जाळीत डोकावून बघा.

गाड्या धुणाऱ्या पोरांचंही तेच. आमच्याकडे एक जण सकाळी आठच्या आत तीस गाड्या उरकायचा, त्याला “पाणी वाचव, नदी वाचव” सांगून काय होणार? शाम्पू आणि पाइप दोन्ही बंद, एक बादली, दोन फडकी, आणि उरलेलं काळं पाणी जाळीत न ओतता मैलापाण्याच्या लाइनीला जोडलेल्या मोरीत ओतायचं, असं ठरवलं. ती मोरी वॉचमनच्या संडासाला लागून नवी करून घेतली, नळासकट, म्हणजे त्याला हेलपाटा नको. महिन्याचे पन्नास रुपये गाडीमागे वाढवून दिले. त्याने विचारलं, “शाम्पू नाय तर चकाकी कशी येणार?” आली नाही. लोकांनी आठ दिवस कुरकुर केली आणि विसरले.

वरच्या टाक्या साफ करणारे लोक ब्लीचिंगचं पाणी गच्चीवर सोडून देतात. गच्चीवरून ते पावसाच्या पाइपात, पुढे ओढ्यात. ते संडासाच्या लाइनीत सोडायला सांगा. कुत्र्यांच्या विष्ठेबद्दल मी लिहिणार नव्हतो, कारण त्यावर पुण्यात मैत्री तुटते. पण कागदात उचलून घरच्या संडासात टाका, एवढंच. निर्माल्य ओढ्यात वाहणाऱ्यांशी वाद घालू नका, सोसायटीच्या खतखड्ड्याला “निर्माल्य” अशी पाटी लावा. आमच्याकडे पाटी बदलल्यावर लोक चप्पल काढून हार टाकू लागले. पुऱ्या तळलेलं तेल सिंकमध्येही नको आणि जाळीतही नको. बाटलीत साठवा, वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी विकत घेणारे आहेत.

आणि सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकायचा ठराव आला तर हात वर करून विरोध करा. हिशोब तोंडपाठ ठेवा: १०० चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे तेवढ्याच जागेवरून ७०,००० लिटर. मातीची पट्टी, थोडी खोलगट, कडेला कर्दळ किंवा वाळा लावलेली, त्यातलं बरंच पिते आणि उरलेलं गाळून देते. गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडायची व्यवस्था असेल तर पहिले एक-दोन पाऊस बाहेर काढून टाका आणि गाळणीची वाळू दरवर्षी धुवा. पार्किंगचं पाणी मात्र बोअरमध्ये कधीही नाही, कितीही मोठा कन्सल्टंट सांगत असला तरी. ऑइल एकदा भूजलात गेलं की कुठल्या खराट्याने काढणार?

रंगाचा दुसरा उपयोग चेंबरच्या झाकणांना. पावसाळी झाकणं निळी, मैलापाण्याची काळी. हाउसकीपिंगचा ठेकेदार सहा महिन्यांनी बदलतो, वॉचमन त्याहून लवकर. सूचना त्यांच्याबरोबर निघून जातात, झाकणाचा रंग राहतो. पोरांना सुट्टी आहे, ब्रश द्या त्यांच्या हातात. (ब्रश धुवायची जागा आधी दाखवा.)

एक गोष्ट मात्र ऐकाच. कुठल्याही चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. पावसाळी असलं तरी. वरून बघायचं, बांबूने, जेटिंग मशीनने (पाण्याच्या जोराच्या झोताने पाइप मोकळा करणारं यंत्र) काम करायचं. मैल्याच्या चेंबरमधला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि तुमचं पावसाळी चेंबर खरोखर पावसाळीच आहे की नाही हेच तर अजून ठरायचंय. गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल होऊ शकतो. चेअरमनना हे वाक्य दाखवा, ते लगेच जेटिंग मशीनला मंजुरी देतील.

घर साफ झालं की मग शेजारी. वरच्या अंगाला गॅरेज असेल, खानावळ असेल, टँकर रिकामा होत असेल, तर आधी एकदा समोरासमोर बोला. निम्म्या ठिकाणी तुमच्यासारखीच पाइपची चूक निघते. ऐकत नसतील तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार, महापालिकेच्या अॅपवरही, तारीख-वेळ-जागेसह फोटो लावून, आणि तक्रारीचा नंबर वहीत. कारखाना किंवा मोठं एसटीपी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. कुणी म्हणालं, “अहो, तो ओढा आठ महिने कोरडा असतो, त्याला कसला कायदा?” तर १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा पुढे करा. त्यातल्या प्रवाहाच्या व्याख्येत नदीबरोबर जलप्रवाहही येतो, मग तो वाहता असो की सध्या कोरडा. कलम २४ त्यात घाण सोडायला मनाई करतं. म्हणजे उन्हाळ्यात त्या पात्रात राडारोडा टाकणाराही सुटत नाही.

हे सगळं एका सभेत मांडू नका, हाणून पाडतील. पहिल्या सभेत एकच विषय ठेवा: “पावसाळी चेंबरची रंग टाकून तपासणी; खर्च प्लंबरची अर्ध्या दिवसाची मजुरी.” याला विरोध करायला कारण सापडत नाही. पिवळं पाणी बाहेर पडताना चेअरमन स्वतः चेंबरपाशी उभे असतील एवढं बघा. बाकीचे विषय मग तेच मांडतील, आणि कल्पना त्यांचीच होती असंही म्हणतील. म्हणू द्या.

राहिले गप्पी मासे. ओढ्यात सोडू नका. ते पाणी स्वच्छ करत नाहीत, डासांच्या अळ्या खातात, तेही साठलेल्या पाण्यात. शिवाय ते आपल्याकडचे नाहीत; वाहत्या ओढ्यात गेले की आपल्या स्थानिक माशांची अंडी आणि पिल्लंही फस्त करतात. सोसायटीत बंद कारंज्याचा हौद असतो ना, तिथे दहा-बारा सोडा. आणि हौद धुवायला काढाल तेव्हा ते पाणी कुठल्या जाळीकडे चाललंय तेवढं बघा.